ब्रिटिश नागरिकत्वाची शपथ: तीन महिन्यांची मुदत कशी पाळावी

नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाल्याचं होम ऑफिसचं (ब्रिटनच्या गृहखात्याचं) पत्र येतं, अभिनंदनाचे फोन सुरू होतात, आणि पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाचायची राहून जाते: तीन महिन्यांच्या आत शपथ घ्या. मंजुरी म्हणजे नागरिकत्व नव्हे. अठरा वर्षांवरील माणूस ब्रिटिश नागरिक होतो तो नागरिकत्वाच्या सोहळ्यात शपथ घेतो त्या दिवशी. हे पत्र म्हणजेच त्या सोहळ्याचं आमंत्रण.

पत्र आलं त्याच दिवशी

पत्र बहुधा ईमेलने येतं, त्यामुळे अर्ज केल्यापासून स्पॅमचा फोल्डरही बघत राहा. आमंत्रणाची तारीख आणि मुदतीची शेवटची तारीख, दोन्ही कॅलेंडरवर लिहा. मग अर्जात दिलेल्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) नोंदणी कार्यालयाशी संपर्क साधून लगेच जागा आरक्षित करा. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका, कारण सामूहिक सोहळे रोज होत नाहीत आणि जागा भराभर भरतात. सामूहिक सोहळ्याचं शुल्क अर्जाच्या वेळीच भरलेलं असतं. तारखा जुळत नसतील तर खाजगी सोहळ्याची चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी ती सोय असते, पण त्याचे पैसे वेगळे पडतात. मधल्या काळात घर बदललं असेल तर तेही आधीच कळवा.

आजारपणामुळे किंवा दुसऱ्या खऱ्या अडचणीमुळे जमणार नसेल, तर मुदत संपायच्या आत कौन्सिल आणि होम ऑफिस दोघांनाही लेखी कळवा, सोबत पुरावा जोडा. सबळ कारण असेल तर मुदत वाढू शकते. गप्प बसलात तर मंजुरी हातची जाऊन पुन्हा अर्ज करायची वेळ येऊ शकते, आणि त्या अर्जाला दीड हजार पौंडांहून जास्त खर्च येतो.

भारताचं तिकीट काढण्याआधी

आपली माणसं सर्वांत जास्त चुकतात ती इथे. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. म्हणजे शपथ झाली की भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, आणि ब्रिटिश पासपोर्ट अजून हातात आलेला नसतो. नवा पासपोर्ट यायला काही आठवडे जातात, पहिल्या पासपोर्टसाठी काहींना मुलाखतीलाही बोलावतात.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी शपथेची तारीख भाचीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात घेतली. तिकीट, आहेर, सगळं तयार होतं. लग्न त्यांना फोनच्या पडद्यावर पाहावं लागलं, आणि ती हळहळ अजून त्यांच्या बोलण्यात येते.

म्हणून जायचंच असेल तर शपथेआधी, सध्याच्या भारतीय पासपोर्टवर आणि कायम वास्तव्याच्या परवान्यावर जाऊन या. मुदत संपायच्या बऱ्याच आधीची परतीची तारीख ठेवा. नाहीतर शपथ उरका आणि पुढचे दोन-तीन महिने परदेश प्रवास ठरवूच नका.

सोहळ्याच्या दिवशी

आमंत्रणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र न विसरता घ्या. ओळखपत्र म्हणून काय चालेल हे कौन्सिल कळवते. साधारण दोन पाहुणे नेता येतात. अठरा वर्षांखालील मुलांना शपथ घ्यावी लागत नाही, पण त्यांना बरोबर जरूर न्या.

ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, हे तुम्ही ठरवायचं, आणि कायद्याने दोन्ही सारख्याच. राजे चार्ल्स तिसरे आणि त्यांच्या वारसांशी निष्ठा, त्यानंतर देशाचे कायदे आणि लोकशाही मूल्यं पाळण्याचं वचन, असा तो क्रम आहे. मजकूर छापील मिळतो, अधिकारी एकेक ओळ सांगतात आणि सगळे मागोमाग म्हणतात. पाठांतराची चिंता नको. शेवटी राष्ट्रगीत होतं. २००४ साली लंडनच्या ब्रेंट भागात असा पहिला सोहळा झाला, त्याआधी हे काम कागदोपत्रीच उरकत असे. माणसांसमोर, उभं राहून, मोठ्याने म्हणण्यात जे आहे ते टपालाने आलेल्या कागदात नाही, असं मला मनापासून वाटतं.

सोहळ्यात नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आल्यावर

फोटो नंतर काढा. आधी नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान अक्षरन् अक्षर वाचा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळून पडतं. चूक दिसली तर सभागृहातून बाहेर पडायच्या आत अधिकाऱ्यांना दाखवा, कारण पासपोर्ट याच कागदावरून निघतो.

घरी आल्यावर प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा आणि ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज करा. तो आला की भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो परत केल्याचा दाखला, घ्या. ओसीआय कार्डाच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाच्या, अर्जाला ते लागतं. भारतात जायचं तर ओसीआय किंवा व्हिसा हाती आल्यावरच तिकीट काढा.