लायसनची बंदूक घरात ठेवताय? या चुका टाळा

आमच्याकडे आबांची बारा बोअरची डबल बॅरल होती. चोपडा तालुक्यात मळ्यातलं घर, केळी, डुकरांचा त्रास, म्हणून कधीकाळी काढलेलं लायसन. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली तेव्हा मी विचारलं, "आबा, भरेल शे का?" आबा म्हणे, "नही रे भो, खाली शे." नळी उघडून पाहिली तर डाव्या बाजूला काडतूस बसलेलं! कधी भरलं होतं ते त्यांनाच आठवेना.

तर पहिली चूक हीच, दुसऱ्याच्या शब्दावर बंदूक रिकामी समजायची. हातात आली की नळीचं तोंड माणसं नसतील तिकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर आणि स्वतः उघडून बघायचं, देणाऱ्याने आत्ताच बघितली असली तरी. पिस्तुलवाले अजून फसतात. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं म्हणजे झालं असं वाटतं पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, एक राउंड बसलेला असतो. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढा आणि आत डोळ्याने बघा, बोट घालून बघा. हेच उलट केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, की चेंबर परत भरून बसतं आणि आपण ट्रिगर दाबून "चेक" करायला जातो.

दुसरी चूक जागेची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की अख्खं घर गच्चीवर झोपायला, आणि बंदूक खाली लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे. चोराला तर तेच पाहिजे, दागिन्यांसोबत बंदूक फुकट. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात. चावी देवघरात ठेवली तर पोरांना पहिल्या दिवशी कळते, हे तुम्हालाही माहिती आहे. कोणी म्हणेल मग ऐनवेळी उघडणार कधी? नंबरची तिजोरी सवय असली तर काही सेकंदात उघडते, फक्त नंबर पोराची जन्मतारीख नको. चोरीला गेलीच तर त्याच दिवशी पोलीस स्टेशनला बंदुकीच्या नंबरसकट तक्रार द्या, उशीर झाला की तुमच्यावरच प्रश्न येतात.

रात्री आवाज आला तर आधी बॅटरी, आवाज, 112 ला फोन. गच्चीवरून पाणी प्यायला उतरलेला पोरगा पण अंधारात चोरासारखाच दिसतो. आणि पत्र्याची भिंत गोळी अडवत नाही, पलीकडे कोण झोपलंय ते डोक्यात पाहिजे. कायद्याचं पण अर्धवट ऐकून लोक बोलतात. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, दरोडा किंवा रात्रीची घरफोडी असेल तर तो जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही. पळून चाललेल्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उत्तर देता देता मळा विकावा लागेल.

जुन्या बंदुकीचं एक फार कमी लोकांना माहिती असतं. जुन्या बारा बोअरच्या बऱ्याच नळ्यांचं चेंबर 65 मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं 70 ची. बसतात मस्त, कारण ही लांबी फुटल्यानंतरची मोजलेली असते, पण फुटताना तोंड उघडायला जागा कमी पडते आणि नळीवर दाब वाढतो. बंदूक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. वीस बोअरचं काडतूस (बारापेक्षा बारीक असतं) बाराच्या डब्यात मिसळू देऊ नका, ते पुढे सरकून नळीत अडकतं, आणि मागून बाराचं भरून उडवलं तर नळी फुटते. काडतूस उडलं नाही तर लगेच उघडू नका, तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा. आणि ठॉ ऐवजी नुसतं फुस्स झालं तर दुसरी गोळी अजिबात नाही, नळीत काहीतरी अडकलेलं असू शकतं. कातड्याच्या कव्हरमध्ये पावसाळाभर ठेवली की गंज ठरलेला. (आपल्या वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे म्हणून माल सहज मिळेल असं समजणारे भेटलेत मला, तो माल फौजेचा असतो भाऊ.)

आता कागद. मळ्यात राखणीला सालदाराच्या हातात बंदूक देणं सर्रास चालतं, पण लायसन तुमच्या नावाचं आहे, त्याच्या नाही, गुन्हा दोघांवर होतो. आणि लायसन बंदुकीचं आहे, शिकारीचं नाही, डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. हद्द वाचा, लायसन महाराष्ट्रापुरतं असेल तर शिरपूरहून सेंधवा किंवा नवापूरहून सुरत गाठताना तुम्ही हद्दीबाहेर असता. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन 5 वर्षांचं झालं आणि एका माणसाला दोनच बंदुका, तारीख संपायच्या दोन-तीन महिने आधी रिन्यूअलच्या मागे लागा. हळदीत हवेत फायर केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हल्ली पुरावा म्हणून पाहुण्यांचेच व्हिडिओ असतात. लायसनला वेळ लागतो म्हणून सातपुड्याकडून येणारा गावठी कट्टा घेणारे तर विचारूच नका, सापडला तर कमीत कमी 2 वर्षं, आणि हातातच फुटायची भीती वेगळी.

आबा गेले तेव्हा बंदूक माळ्यावर तशीच राहिली. लायसन त्यांच्यासोबतच संपलं हे कोणाच्या डोक्यातच नाही, बिनलायसनची बंदूक घरात घेऊन आम्ही वर्षभर निवांत. शेवटी ओळखीच्या वकिलाने सांगितल्यावर नानांनी ती लायसनवाल्या दुकानदाराकडे जमा केली, पावती घेतली आणि वारस म्हणून कलेक्टर ऑफिसला अर्ज टाकला. पावती अजून पोथीच्या बस्त्यात आहे, अर्जाचं काय झालं विचारायला नाना दर सोमवारी जळगावला जातात.