वर्गणीची पावती आणि परीक्षेचं सर्टिफिकेट: आगीच्या तपासात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत आगीच्या तपासाचं काम धरलं की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, "आयएएआयचा मेंबर होऊन टाक." सल्ला बरोबर आहे. पण तपासनीसांच्या या संघटनेच्या कार्डाने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे कोणी सांगत नाही. नवखा आपटतो तो तिथेच.

मुख्य संघटना दोन. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ आर्सन इन्व्हेस्टिगेटर्स, म्हणजे आयएएआय, १९४९ची. आणि नॅशनल असोसिएशन ऑफ फायर इन्व्हेस्टिगेटर्स, म्हणजे नाफी, १९६१ची. आयएएआयच्या राज्यवार शाखा आहेत आणि त्यांची वर्गणी वेगळी असते. पैसे मोजकेच असतील तर आधी राज्यशाखा धरा, असं माझं मत. मूळ संघटनेचं मासिक घरी बसून वाचता येतं, जळलेल्या खोलीत गुडघ्यावर बसून राख उपसायला घरी शिकता येत नाही; ते शाखेत शिकायचं. फक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी सभासद होणार असाल तर थांबा. सीएफआयट्रेनर हे आयएएआयचं ऑनलाइन प्रशिक्षण सगळ्यांना फुकट आहे आणि एनएफपीए ९२१, म्हणजे नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं आगीच्या तपासाचं मार्गदर्शक, त्यांच्याच संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतं.

आता तो सापळा. सभासदत्व म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ऐकायला बाळबोध वाटतं, पण सीव्हीवर सगळं एकाच मथळ्याखाली लिहिलं जातं आणि साक्षीच्या सुरुवातीला, तज्ज्ञ म्हणून पात्रता तपासताना, समोरचा वकील बरोबर तिथे बोट ठेवतो. "या संघटनेत जायला परीक्षा होती?" नव्हती. "मग काय लागलं?" अर्ज आणि वर्गणी. प्रश्न दोनच, पण त्यानंतर तुम्ही सांगितलेल्या आगीच्या उगमस्थानाकडे ज्युरी वेगळ्या नजरेने बघते. म्हणून सीव्हीवर तीन वेगळे मथळे करा: सभासदत्व, प्रमाणपत्रं, प्रशिक्षण. आयएएआयची एफआयटी (तपास तंत्रज्ञाचं), ईसीटी (पुरावे गोळा करणाऱ्याचं), सीएफआय (तपासनीसाचं) आणि नाफीची सीएफईआय (आग व स्फोट तपासनीसाचं) ही प्रमाणपत्रं. परिषदेला हजेरी लावल्याचा कागद हे प्रमाणपत्र नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्का असो.

याच सापळ्याचा दुसरा दात तासांचा. एफआयटीसाठी जे प्रशिक्षण धरतात ते परीक्षेसह झालेलं लागतं. तीन दिवस परिषदेत बसलात आणि शेवटी चाचणी दिली नाहीत, तर ते तास तिथे मोजले जात नाहीत. वर्ग संपला की त्याच संध्याकाळी विषय, तारीख, तास, शिकवणाऱ्याचं नाव आणि चाचणीचा निकाल एका तक्त्यात भरा, कागद स्कॅन करा. दोन वर्षांनी आयोजकांकडे निकालपत्र मागून बघा, मग कळेल. साक्षींचंही तसंच. फेडरल दिवाणी खटल्यात मोबदला घेणाऱ्या तज्ज्ञाच्या अहवालासोबत मागच्या ४ वर्षांतल्या साक्षींची यादी द्यावी लागते. तीत कोर्टातल्या साक्षीच नव्हे, डिपॉझिशन, म्हणजे खटल्याआधी कोर्टाबाहेर शपथेवर नोंदवलेल्या साक्षीसुद्धा येतात. पहिल्या डिपॉझिशनपासून यादी ठेवा.

घाबरू नका. हे कारकुनी काम आहे, महिन्याला अर्धा तास पुरतो.

मग वर्गणी भरायची कशाला? चूक दाखवणारी माणसं मिळावीत म्हणून. हा धंदा उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आला आणि उस्तादाच्या चुकाही तशाच चालत आल्या. खिडकीच्या काचेवर तड्यांचं बारीक जाळं दिसलं की पेट्रोल ओतलंय, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. ते जाळं पडतं तापलेल्या काचेवर फवाऱ्याचं पाणी पडल्यामुळे. टेक्सासातल्या कॉर्सिकाना इथे १९९१ साली लागलेल्या आगीच्या खटल्यात हे काचेचं लक्षणही आग लावल्याचा पुरावा म्हणून मांडलं गेलं, आणि आरोपी कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्यामुळे "तीस वर्षांचा अनुभव" एवढंच भांडवल असलेला गुरू मिळाला तर नमस्कार करा आणि ९२१ उघडा.

लास व्हेगसमधल्या २००५च्या एका प्रशिक्षणात दोन खोल्या पेटवल्या. फ्लॅशओव्हरनंतर, म्हणजे सगळी खोली एकदम पेटते त्या क्षणानंतर, जेमतेम दोन मिनिटं जळू दिल्या आणि तपासनीसांना विचारलं, आग कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली? ५३ पैकी ३ जणांचं बरोबर आलं; दुसऱ्या खोलीतही ३च. फ्लॅशओव्हर झाला की जिथे हवा आत येते तिथे जळण्याच्या खुणा सर्वांत खोल उमटतात, आणि माणूस त्यालाच उगम समजतो. अशी चूक चारचौघांत झालेली बरी. पगारी केसमध्ये झाली तर कोणाचं तरी घर नाहीतर स्वातंत्र्य जातं.

संघटनेलाही देव मानू नका. मिशिगन मिलर्स विरुद्ध बेनफिल्ड या खटल्यात, निकाल १९९८चा, आयएएआयने कोर्टाला लेखी सांगितलं होतं की आगीचा तपास हे शास्त्र नाही, तेव्हा डॉबर्टची, म्हणजे तज्ज्ञाची साक्ष शास्त्रीयदृष्ट्या भरवशाची आहे का हे कोर्ट बघतं ती, कसोटी आम्हाला लावू नका. कोर्टाने ऐकलं नाही. आज तीच संघटना ९२१ शिकवते.

हाताने शिकायचंच तर पुराव्याच्या डब्यापासून, म्हणजे प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना भरतात त्यापासून, सुरुवात करा. ईसीटीची परीक्षा त्यासाठीच. डबा नवा, कोरा, पत्र्याचा. गालिच्याचा तुकडा भरताना दोन-तृतीयांशाच्या वर जायचं नाही, कारण प्रयोगशाळा वरच्या मोकळ्या जागेत कोळशाची पट्टी टांगते, डबा तापवते आणि वाफा त्या पट्टीवर गोळा करते. ठासून भरलात तर वाफेला जागाच उरत नाही. दर नमुन्याला नवे हातमोजे, अवजार दर वेळी साबणाने धुतलेलं. झाकण लावण्याआधी डब्याची कड पुसा. कडेवर राख राहिली तर झाकण नीट बसत नाही. त्याच गालिच्याचा, जिथे काही सांडल्याचा संशय नाही अशा जागेचा, तुलनेचा नमुनाही घ्या. गालिच्याखालच्या फोममधूनसुद्धा पेट्रोलियमसारखी रसायनं निघतात. आणि पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीत किंवा जनरेटरमध्ये घटनास्थळाजवळ इंधन भरू नका.

नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजातून फायर इंजिनिअरिंग करून इकडे येणाऱ्यांना ज्वलनाचं शास्त्र येतं. अडतं ते परवान्यावर. खासगी तपासासाठी अनेक राज्यांत प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटरचा परवाना लागतो, इंजिनिअर म्हणून मत द्यायचं तर पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना. आयएएआयचं कार्ड यातल्या कशाचीच जागा घेत नाही. राज्यशाखेच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा, तिथे दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

सीएफआय आणि सीएफईआय दोन्ही ५ वर्षांनी नव्याने करावी लागतात. चौथं वर्ष लागलं की फोनमध्ये आठवण लावा. मुदत चुकलीच तर त्याच दिवशी सीव्हीवरची ती ओळ काढा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या फोटोखाली जी अक्षरं आहेत तीही.