एका हजेरीपटावरून प्राचीन इजिप्त : सगळ्या विषयांतून कसे शिकवावे

प्राचीन इजिप्त शिकवायचे म्हटले की पुठ्ठ्याचा पिरॅमिड, पट्ट्या गुंडाळलेली बाहुली आणि सोनेरी कागदाचा मुखवटा एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो. सहावी-सातवीच्या वर्गांना हा विषय मी अनेक वर्षे शिकवत आले आहे आणि पहिली दोन वर्षे मीही याच वाटेने गेले. इतिहासाच्या तासाला पिरॅमिड, गणिताच्या तासाला पिरॅमिडचे घनफळ आणि चित्रकलेच्या तासाला पिरॅमिडचे चित्र, याला विषयांची सांगड म्हणत नाहीत. एका तासाला मिळालेले उत्तर दुसऱ्या तासाला वापरावे लागले, तरच ते विषय एकमेकांशी जोडले गेले असे समजावे. त्यासाठी मी आता जी पद्धत वापरते, ती पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी : एकच वस्तू निवडा

संपूर्ण संस्कृती शिकवू नका. ऑनलाइन उपलब्ध असलेली, संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक असलेली एकच वस्तू घ्या. माझी निवड ठरलेली आहे : ब्रिटिश म्युझियममधील ईए ५६३४ या क्रमांकाचा चुनखडीचा तुकडा. राजांच्या खोऱ्यातील थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत असत. त्यांतील चाळीस कारागिरांची गैरहजेरी या तुकड्यावर नोंदवलेली आहे. वर्ष आहे रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीचे ४०वे, म्हणजे अंदाजे इ.स.पूर्व १२५०. उजव्या कडेला नावे आहेत, त्यांच्या पुढे काळ्या शाईने तारखा आहेत आणि तारखांच्या वर लाल शाईने कारणे लिहिली आहेत. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे दुखत होते, कोणी घरी बिअर गाळत होता, तर कोणी नातेवाइकाच्या अंत्यविधीत होता.

रोज सकाळी हजेरी देणाऱ्या मुलांना ही वस्तू समजावून सांगावी लागत नाही. मुखवटा पाहून मुले थक्क होतात आणि तिथेच थांबतात. हजेरीपट पाहून मात्र ती प्रश्न विचारू लागतात. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी : पत्नीची किंवा मुलीची मासिक पाळी हेही एक कारण या यादीत आहे. ते वगळू नका. वर्गात त्याविषयी कोणत्या शब्दांत बोलायचे हे मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

दुसरी पायरी : ऑनलाइन साहित्य पारखून घ्या

माझा नियम कडक आहे. ज्या छायाचित्राखाली संग्रहालयाचे नाव आणि वस्तूचा क्रमांक नाही, ते वर्गात दाखवायचे नाही. संगणकाने तयार केलेली ‘प्राचीन’ चित्रे आता इतकी पसरली आहेत की क्रमांकाशिवाय खरे-खोटे ओळखणे अनुभवी शिक्षकालाही कठीण जाते.

मूळ साहित्य विनामूल्य मिळत असताना दुय्यम पाने चाळण्याचे कारणही उरत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्याकडील स्वामित्वहक्क नसलेल्या वस्तूंची छायाचित्रे सर्वांना मुक्त वापरासाठी खुली केली. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने तुतनखामुन राजाचे थडगे शोधणारे हॉवर्ड कार्टर यांची उत्खननाची दैनंदिनी, वस्तूंची नोंदपत्रे आणि त्यांचे छायाचित्रकार हॅरी बर्टन यांची छायाचित्रे ऑनलाइन ठेवली आहेत. राजांच्या खोऱ्यातील थडग्यांचे नकाशे थीबन मॅपिंग प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर आहेत. छायाचित्रे आदल्या दिवशी उतरवून घ्या.

पिरॅमिड परग्रहावरील लोकांनी बांधले असे सांगणारी चित्रफीत कोणीतरी मूल हमखास घेऊन येते. तिच्यावर वाद घालत बसू नका. लाल समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या कागदावरचे लेख, दाखवा. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याच्यासाठी बांधला त्या खुफू राजाच्या काळात तुरा येथील चुनखडीचे दगड होड्यांतून गिझाला पोहोचवणाऱ्या मेरर नावाच्या अधिकाऱ्याची ही रोजची नोंदवही आहे. एवढा पुरावा मुलांना पुरतो.

तिसरी पायरी : भाषा आणि लिपी

‘तुमचे नाव चित्रलिपीत लिहा’ असे सांगणारी ऑनलाइन साधने मी वर्गात वापरत नाही. ती रोमन अक्षराला एकेक चित्र चिकटवतात आणि चित्रलिपी म्हणजे इंग्रजी वर्णमालेचा वेश आहे असा समज करून देतात. इजिप्तच्या लिपीत स्वर लिहिले जात नसत. काही चिन्हे एका व्यंजनाची, काही दोन किंवा तीन व्यंजनांची असत, आणि शब्दाच्या शेवटी अर्थाचा वर्ग दाखवणारे, उच्चार नसलेले चिन्ह येई. देवनागरी वाचणाऱ्या मुलांना हे लवकर समजते. फळ्यावर ‘क-ळ’ एवढेच लिहा आणि काना-मात्रा काढून टाकल्या आहेत असे सांगा. काळ, केळी, कळी, कोळी असे शब्द मुले भराभर सांगतात. मग शेजारी फळाचे किंवा माणसाचे चित्र काढा, म्हणजे शेवटचे चिन्ह कशासाठी असते ते वेगळे समजवावे लागत नाही. नावाभोवती काढली जाणारी लंबवर्तुळी चौकट राजघराण्यातील नावांसाठी राखीव होती, म्हणून प्रत्येक मुलाचे नाव तीत घालू नये. उलट ती चौकट राजाच्या नावाची खूण असल्यामुळेच एकच मजकूर तीन लिपींत कोरलेल्या रोझेटा शिलेवर टॉलेमी राजाचे नाव शोधता आले आणि शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाला १८२२ मध्ये वाचनाची वाट सापडली. आपल्या तुकड्यावरील लेखन मात्र चित्रलिपीच्या हिएराटिक या जलद, वळणदार रूपात आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

चौथी पायरी : भूगोल

उपग्रहचित्र उघडून नाईलच्या हिरव्या पट्ट्याची कड दाखवा. शेत संपते आणि लगेच वाळवंट सुरू होते. कारागिरांचे गाव त्या कडेपलीकडे कोरड्या दरीत होते आणि तिथे पाणी गाढवांवरून आणावे लागे. आपल्याकडे पावसाळा असतो त्याच महिन्यांत इथिओपियाच्या पठारावर पाऊस पडतो आणि त्या पाण्याने नाईलला पूर येत असे. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वानच्या उंच धरणानंतर तो थांबला. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येकी चार महिने, महिन्याचे ३० दिवस आणि वर्षअखेरचे जादा ५ दिवस, हा हिशेब मुलांकडून वहीत लिहून घ्या, कारण तो पुढे लागतो.

पाचवी पायरी : गणित

ही पायरी मला सर्वांत जड गेली आणि बहुतेक मार्गदर्शक लेख ती दोन ओळींत उरकतात, म्हणून मी इथे थांबणार आहे.

साधन आहे ऱ्हाइंड पपायरस, म्हणजे गणिताच्या उदाहरणांचा एक जुना लेख. आह्मोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पूर्व १५५०च्या सुमारास तो उतरवला. तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याची छायाचित्रे ऑनलाइन पाहता येतात. तो आपल्या हजेरीपटाहून सुमारे तीनशे वर्षे जुना आहे, हे वर्गात सांगायला विसरू नका. ‘प्राचीन’ म्हटले की सगळे एकाच दिवशी घडले असे मुलांना वाटते.

पहिल्या वर्षी मी फळ्यावर नियम लिहिला : इजिप्तचे लेखनिक अंश १ असलेलेच अपूर्णांक लिहीत. मग २/५ = १/३ + १/१५ असे उदाहरण दिले. एका मुलाने विचारले, “बाई, दोन पंचमांश सरळ लिहिता येत असताना एवढे कशाला?” माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि तो तास तिथेच संपला. चूक अशी होती की मी लिहिण्याच्या रीतीपासून सुरुवात केली. सुरुवात वाटणीपासून करायला हवी होती.

आता मी कागदाच्या सहा गोल भाकऱ्या आणि दहा मुले घेते. पपायरसमध्ये हेच गणित आहे : सहा पाव, दहा माणसे. आधी मुलांना त्यांच्या रीतीने वाटू द्यावे. बहुतेक गट प्रत्येक भाकरीचे दहा तुकडे करतात आणि प्रत्येकाला सहा तुकडे देतात. उत्तर बरोबर असते, पण समोर साठ तुकडे पडलेले असतात. मग आह्मोसची रीत दाखवावी : पाच भाकऱ्या अर्ध्या करा आणि सहावीचे दहा भाग करा. प्रत्येकाच्या हातात एक अर्धी भाकरी आणि एक दशांश येतो, म्हणजे १/२ + १/१०. तुकडे वीसच होतात, आणि दहाही जणांचे वाटे दिसायलाही सारखे असतात. वाटणी न्याय्य आहे हे मोजल्याशिवाय डोळ्यांना दिसते. ‘एवढे कशाला’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे, आणि ते मुलांच्या हातांना मिळाले पाहिजे.

पुढे सात भाकऱ्या द्या. सातही भाकऱ्यांचे तीन-तीन सारखे हिस्से केले की २१ तुकडे होतात. प्रत्येकाला दोन दिले की एक उरतो आणि त्याचे दहा भाग करावे लागतात. उत्तर २/३ + १/३०. इथे सावध राहा. एका वर्षी हे उत्तर पाहताच एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, “इथे अंश दोन आहे.” तिचे खरे होते. २/३ साठी त्या लेखनिकांकडे स्वतंत्र चिन्ह होते. ‘नेहमी अंश १’ असा नियम सांगू नका; ‘अंश १, अपवाद २/३’ असाच सांगा. आपल्याकडे पाव, निम्मे, पाऊण यांना जशी स्वतंत्र नावे आहेत, तसेच हे आहे, एवढे म्हटले तरी मुलांना पटते.

दुसरा इशारा ऑनलाइन गणनयंत्रांविषयी. ‘इजिप्शियन अपूर्णांक’ काढून देणारी बहुतेक यंत्रे प्रत्येक वेळी शक्य तितका मोठा तुकडा आधी काढतात. ही पद्धत फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने १२०२ मध्ये मांडली; इजिप्तच्या लेखनिकांची ती नव्हे. २/१३ घालून पाहा. यंत्र १/७ + १/९१ देईल, तर पपायरसमधील कोष्टकात १/८ + १/५२ + १/१०४ आहे. दोन्ही बेरजा बरोबर आहेत. पण पहिली इजिप्तच्या नावाने शिकवणे चूक आहे. मी मुलांना दोन्ही पडताळून पाहायला लावते, आणि वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज करण्याचा सराव त्यात आपोआप होतो.

आता हजेरीपटाकडे परत या. देर अल-मदिनाच्या साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच खार धान्य मिळे : चार खार गहू आणि दीड खार जव. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर. भूगोलाच्या तासाला लिहिलेला तीस दिवसांचा महिना इथे लागतो. एका दिवसाचे धान्य किती? ११/६० खार, म्हणजे १/६ + १/६०. आणि धान्य वीस दिवस थकले, तर देणे किती राहिले? ३ २/३ खार. हे उत्तर वहीच्या मार्जिनमध्ये चौकटीत लिहून ठेवायला सांगा.

सहावी पायरी : विज्ञान आणि चित्रकला

सफरचंदाच्या दोन सारख्या फोडी घ्या, एक मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या समभाग मिश्रणात पुरा, दुसरी उघडी ठेवा आणि आठवडाभर रोज वजन नोंदवा. मृतदेह नेट्रॉन या सोडा-मिठासारख्या नैसर्गिक क्षारात वाळवण्याला सुमारे चाळीस दिवस का लागत हे त्यातून उमगते. चित्रकलेच्या तासाला उभी मानवाकृती तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांच्या जाळीत काढून घ्या.

सातवी पायरी : नागरिकशास्त्र

मार्जिनमधली ती चौकट आता उघडा. हजेरीपटानंतर सुमारे शंभर वर्षांनी, रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी, याच गावातील कारागिरांचे धान्य थकले आणि ते काम सोडून राजांच्या स्मारक-मंदिरांजवळ जाऊन बसले. इतिहासात नोंदला गेलेला हा सर्वांत जुना ज्ञात संप मानला जातो आणि त्याची नोंद असलेला पपायरस तुरीनच्या इजिप्त संग्रहालयात आहे. मुलांनी कारागिरांच्या वतीने वजीराकडे द्यायचा अर्ज लिहावा. त्यात थकलेल्या धान्याचा आकडा, पाणी कुठून येते याचा उल्लेख आणि हजेरीची नोंद या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत.

हाच अर्ज मी मूल्यमापनासाठी घेते. वेगळी चाचणी घेत नाही. भाषेचे गुण भाषेच्या शिक्षिका देतात आणि हिशेबाचे गणिताच्या. हिशेब चुकला असेल तर अर्ज परत जातो आणि मूल तो दुरुस्त करून पुन्हा आणते. सगळे मिळून बारा तास लागतात, त्यांतले चार गणिताचे. वेळ कमी पडत असेल तर लिपीचा एक तास कमी करा, पण भाकऱ्यांच्या वाटणीचे तास कमी करू नका.