नवा ब्रीच ब्लॉक चार महिन्यात घासला? बोल्टले शिव्या देण्याआधी या चुका टाळा

परवा तुरीची सोंगणी चालू होती अन् भाच्याचा फोन आला, तो पोलिसात आहे, म्हणे मामा, एसएलआरचा (सेल्फ लोडिंग रायफल) नवीन ब्रीच ब्लॉक, म्हणजे बोल्ट, काडतुसाच्या मागून नळी बंद करणारा लोखंडी भाग, बसवला तरी चार महिन्यात कोपरा गेला, मालच हलका येते का आजकाल? मी म्हटलं बाबू, माल हलका नसते, दुसरंच काही तरी त्याले खाऊन राह्यलं अन् तुम्ही त्यालेच बदलवून राह्यले. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आता वर्धेकडं गावात शेती करतो, पण हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधीच सांगतो, हे ड्युटीवर ज्यायच्या हाती सरकारी हत्यार आहे त्यायच्यासाठी आहे. एसएलआरचा ७.६२ बोअर प्रोहिबिटेड, म्हणजे सामान्य माणसाले बंदी असलेला आहे, आपल्या गावात रोही-डुकरासाठी ज्यायच्याजवळ लायसनची बारा बोअर आहे तिचा मामला वेगळा. अन् काहीही पाहायच्या आधी मॅगझीन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) डोळ्यानं पाहा अन् बोट घालून पाहा, दोन्ही.

पहिली चूक म्हणजे चमक पाहून घाबरणं. नवीन ब्रीच ब्लॉकवर काळपट फिनिश असते, शे-दोनशे राउंड झाले की घासणाऱ्या जागेवर ते निघते अन् खालचं लोखंड चमकते, याले झीज नाही म्हणत, याले बसणं म्हणतात. झीज पाहायची असंन तर नखानं पाहा. बोल्टवरून नख फिरवलं अन् कुठं अडकलं, काठ बाहेर वळल्यासारखा लागला, खड्डा लागला, तर मग विषय आहे.

आता जागा कोणती ते पाहा, कारण अर्धं निदान तिथंच होते. एसएलआरचा बोल्ट फिरत नाही, त्याची मागची बाजू खाली झुकते अन् रिसीव्हरमधल्या (रायफलीच्या मधल्या सांगाड्यातल्या) लॉकिंग शोल्डर नावाच्या आडव्या पोलादी तुकड्याले टेकते, फायरचा सगळा धक्का तिथं बसते. त्या टेकायच्या पट्टीवर पूर्ण रुंदीत सारखा डाग असंन तर बरं आहे. एकाच कोपऱ्यात डाग, बाकी पट्टी कोरी, म्हणजे सगळा भार एका कोपऱ्यावर चालला. असं बहुतेक वेळा होते ते अदलाबदलीनं.

ही अदलाबदली म्हणजे सगळ्यात मोठी चूक, अन् ती कोणी चूक मानतच नाही. संध्याकाळी दहा रायफली ताडपत्रीवर उघडल्या, गप्पा चालू, फुलतरू (नळी साफ करायची दोरी) एकच, चिंदी एकच, बोल्ट सगळे एका लाइनीत तेल लावून ठेवले अन् जोडताना जो हाती आला तो ज्याच्या त्याच्या रायफलीत. बसते ना! बसतेच, म्हणून तर कोणाले कळत नाही. पण लॉकिंग शोल्डर वेगवेगळ्या मापाचे येतात, त्या त्या बोल्टले पाहून बसवलेले असतात, हेडस्पेस त्याच्यावर ठरते, म्हणजे लॉक झाल्यावर बोल्टच्या तोंडाले अन् काडतुसाच्या बुडाले किती जागा राह्यते ते. दुसऱ्याचा बोल्ट म्हणजे दुसऱ्याची चप्पल, चालता येते पण टाच घासते. नंबर कोरलेला असते हो, तो पाहायले किती वेळ लागते?

मी असतानाची गोष्ट, एका इन्स्पेक्शनच्या आधी पोरांनी बोल्ट चमकवायले विटेची भुकटी अन् बारीक एमरी पेपर वापरला. आरशासारखे झाले, शाबासकी भेटली. वर्षभरात त्याच रायफली माझ्या टेबलावर. बोल्टच्या वरचा थर कडक केलेला असते, तो तुम्ही घासून काढला तर खालचं नरम लोखंड कशाले टिकंन. चमकवायचंच असंन तर बूट चमकवा.

गॅसचा प्रकार वेगळा. फायरचा गॅस पिस्टन नावाच्या दांड्याले ढकलते अन् त्या जोरावर बोल्ट मागं जाते; तो गॅस कमीजास्त करायची फिरकी म्हणजे रेग्युलेटर. रायफल अडकून राह्यली की पोरं रेग्युलेटर बंद करत जातात, अन् एसएलआरमध्ये रेग्युलेटर जेवढा बंद तेवढा गॅस पिस्टनवर जास्त, कारण ते भोक फालतू गॅस बाहेर सोडायचं आहे. कार्बन साफ करायचा सोडून गॅस वाढवला, रायफल चालली, सगळे खुश, इकडं स्लाइड (बोल्टले मागंपुढं नेणारा भाग) अन् बोल्ट दर राउंडले मागं घणासारखे आपटून राह्यले. पुंगळ्या (फायर झालेली रिकामी काडतुसं) लई लांब उडत असतीन, त्यायचे तोंड चेपलेले असतीन, तर गॅस जास्त आहे समजा. आधी सिलिंडर अन् पिस्टन साफ, मग रेग्युलेटर पूर्ण उघडा, एक एक घर (खटका) बंद करत जा, जिथं नीट चालू झाली तिथून अजून एकदोन घरं, बस. घाण असलेल्या रायफलीवर सेट केलेला नंबर साफ रायफलीले जड जाते.

तेलाचं तर आपल्याकडं विचारूच नका. काही लोक बंडीच्या आखाले वंगण भरल्यासारखं थापतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर, काळ्या मातीचा बारीक फुफाटा हवेत, तो जाड तेलात बसला की व्हॉल्व्हले लावायची ग्राइंडिंग पेस्ट तयार. उन्हाळ्यात पातळ थर, पुसून, अन् पावसाळ्यात रोज पाहणं, कारण गंजाचा छोटासा खड्डाही पुढं झिजेची सुरुवात होते.

पुंगळीही बोलते. बुडाजवळ गोल चमकदार रेघ दिसली तर हेडस्पेस वाढली असं समजून फायर बंद करा, कारण पुढं तिथूनच पुंगळी तुटते. पुंगळीच्या बुडातली कॅप बाहेर आलेली दिसली तरी शंका घ्या. अशी रायफल गेजवर (हेडस्पेस मोजायच्या मापावर) टाकायची, नो-गो गेजवर, म्हणजे ज्याच्यावर बोल्ट बंद व्हायलेच नको त्या मापावर, बोल्ट बंद झाला की ती माझ्या-तुमच्या हातची राह्यली नाही, वर्कशॉपले पाठवा. घरी कानसीनं घासून फिट करायचं मनातही आणू नका. चेंबरमध्ये एकच राउंड हातानं टाकून वरून बोल्ट सोडायची सवयही सोडा, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा नख त्यानंच तुटते.

भाच्याले मी नंबर पाह्यले लावला, नंबर बरोबर निघाला. रेग्युलेटरही ठीक. मग म्हटलं बटमधल्या (रायफलीच्या दस्त्यातल्या) रिटर्न स्प्रिंगा, बोल्टले मागून पुढं ढकलणाऱ्या, त्यायच्या आर्मोररकडून काढून घे, दोन असतात, एकात एक, अन् नवीन जोडीच्या बाजूले उभ्या ठेवून फोटो पाठव. फोटो आला, बाहेरची स्प्रिंग नव्या स्प्रिंगपेक्षा दोन बोटं बुटकी, म्हणजे थकलेली, बोल्टचा मागचा धक्का झेलायले कमजोर. बोल्ट दोनदा बदलला, स्प्रिंगीकडं कोणी पाह्यलंच नव्हतं. आता जोडी बदलवली आहे, बोल्ट तोच नवा ठेवला, कोपऱ्याचा डाग मार्करनं रंगवून ठेवायले सांगितलं, पुढच्या फायरिंगनंतर रंग कुठून निघते त्याचा फोटो येणार आहे.