मुलांसाठी स्वस्त टॅबलेट घेताना

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८ जीबी रॅम’ (रॅम म्हणजे अ‍ॅप चालताना लागणारी मेमरी) लिहिलेलं दिसलं तर खालचा बारीक मजकूर वाचा. बऱ्याचदा ते ४ + ४ असतं. त्यातली दुसरी चार म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, तिचा वेग खऱ्या रॅमइतका नसतो. खरी रॅम ४ जीबी असेल तर मुलांचं काम भागतं. २ जीबीवाला कितीही स्वस्त मिळाला तरी नको, व्हिडिओ आणि दुसरं अ‍ॅप एकत्र उघडलं की अडकतो. स्टोरेज ६४ जीबी आणि मेमरी कार्डाची सोय हवी, कारण बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि दीक्षा अ‍ॅपवरचे धडे उतरवून ठेवले की जागा भराभर संपते.

अनोळखी ब्रँड असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून डिव्हाइस सर्टिफाइड, म्हणजे गुगलने प्रमाणित केलेलं, आहे का बघा. नसेल तर सरळ परत करा. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांकही असायला हवा.

सिमवाला मॉडेल कशाला? घरच्या वायफायवर भागतं. वाचलेल्या पैशांत जाड रबरी कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास घ्या (पडणार तर आहेच). मुलाच्या हातात देण्याआधी मुलाच्या वापरावर लक्ष ठेवणारं गुगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप सुरू करा. ते फुकट आहे.