वारीच्या फोटोंत चेहरे अंधारात जाऊ नयेत म्हणून

टोप्या राखाडी, धोतरं मळकट आणि चेहऱ्यांवर अंधार. वारीचे फोटो घरी येऊन बघितले की बहुतेकांची हीच तक्रार असते, आणि मग महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. नवी लेन्स घेऊन हे सुटत नाही. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो कॅमेऱ्यानं ठरवल्यापेक्षा उजळ किंवा गडद करणारी एक चकती किंवा +/- चं बटण तुमच्या कॅमेऱ्यावर आधीच आहे, ते वापरा.

बॅटरी, रिकामं कार्ड, पावसासाठी प्लास्टिकची पिशवी हे मी गृहीत धरतो. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा), छिद्र एफ ५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, किमान शटर १/५०० सेकंद. रिंगणात अश्व धावताना शटर १/१०००. मीटरिंग, म्हणजे उजेडाची मोजणी, मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह; दोन्ही पूर्ण चौकट मोजतात. एवढं एकदा लावलं की विसरून जा.

आता खरं काम. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेलाय. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे, असं कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर धरून चालतं. वारीत नेमकं उलटं असतं. वर आषाढातलं पांढरंफेक आभाळ, खाली टाळकऱ्यांच्या पांढऱ्या रांगा. मीटरला वाटतं उजेड फार झाला, म्हणून ते एक्सपोजर कमी करतं. पांढरं राखाडी होतं आणि उन्हानं रापलेले चेहरे तर पार बुडतात.

म्हणून पांढरं जास्त असेल तिथे अधिककडे जा. दिंडी समोरून येत असेल तर +१ (एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड) पासून सुरुवात करा. दिवे घाटात खालून वर बघताना अर्धी चौकट आभाळानं भरते, तिथे +१.३ किंवा +१.७ सुद्धा लागतं. घाटाच्या वरून खाली बघताना हिरवा डोंगर आणि रस्ता येतो, +०.७ पुरतं.

एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पुढच्या वारकऱ्याचा खांदा बघा. सदऱ्याच्या चुण्या दिसल्या पाहिजेत आणि कपाळावरचा बुक्का गंधापासून वेगळा कळला पाहिजे. हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा, म्हणजे जळालेला, तपशील गेलेला पांढरा भाग पडद्यावर लुकलुकतो. आभाळ लुकलुकलं तर खुशाल लुकलुकू द्या. टोपी लुकलुकली तर ०.३ नं खाली या. आभाळ वाचवायला चेहरा घालवणं मला अजिबात मान्य नाही.

‘स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर धरा’ हा सल्ला चालत्या दिंडीत ऐकू नका. तो ठिपका एका क्षणी गालावर, दुसऱ्या क्षणी धोतरावर पडतो आणि लागोपाठच्या दोन फोटोंत दोन स्टॉपचा फरक येतो. शिवाय सावळा चेहरा मध्यम राखाडीपेक्षा गडद असतो, त्यामुळे मीटर तो उगाच उजळवतं आणि टोपी जळते. ‘रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, नंतर उजळवू’ हेही तसंच. रॉ जरूर काढा, पण दोन स्टॉप अंधारलेला चेहरा वर ओढला की गालांवर दाणे येतात आणि गंधाचा रंग गढूळ होतो. पूर्ण मॅन्युअलचा आग्रह ढग एकसारखे असतील तेव्हाच धरा. ऊन-सावलीचा खेळ चालू असताना चकत्या फिरवण्यातच दिंडी निघून जाते.

डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांची रांग आली की लगेच शून्यावर या. गडद हिरवी, जांभळी नऊवारी लुगडी चौकटभर असतील तर -०.३ करा. बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा कॅमेरा बंद केला तरी तसाच राहतो. त्यामुळे दर नव्या दिंडीला फोटोआधी व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यावर नजर टाका.

मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून लॉक होईपर्यंत दाबून धरा, मग उजेडाची पट्टी वर सरकवा. दृश्य बदललं की लॉक काढा.

घरी आल्यावर फोटो एडिट करताना शॅडोज (गडद भाग) थोडे वर, हायलाइट्स (उजळ भाग) थोडे खाली. टाळकऱ्यांच्या फोटोंची सेटिंग तुळशीवाल्या बायकांच्या फोटोंना चिकटवू नका, त्यांचे शॅडोज-हायलाइट्स वेगळे लावा.