शिंगाच्या प्राचीन अवजारावरून प्राणी कसा ओळखावा

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीसारख्या जुन्या पांढरीतून, म्हणजे प्राचीन वस्तीच्या टेकाडातून, निघालेले शिंगाचे अवजार हाती आले, तर ते सांबराचे की चितळाचे हा प्रश्न नंतरचा; ते खरोखर मृगशिंग, म्हणजे सांबर-चितळाच्या कुळातील प्राण्याचे शिंग, आहे का, हे आधी ठरवावे. गवा, काळवीट आणि चौशिंगा यांच्या शिंगात हाडाच्या खुंटावर केराटिनचे, म्हणजे नखे ज्याची बनतात त्या पदार्थाचे, आवरण असते आणि ते मातीत बहुधा कुजून जाते. मृगशिंग मात्र संपूर्ण हाडाचे असते आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवते. त्याच्या आडव्या छेदात बाहेर घट्ट थर व आत सच्छिद्र गाभा दिसतो. लांब हाडातली मज्जेची मोकळी पोकळी त्यात नसते.

बुंधा शिल्लक असेल, तर तो सर्वांत बोलका भाग समजावा. खालचा पृष्ठभाग खडबडीत व किंचित फुगीर असेल, तर शिंग आपोआप गळलेले होते, म्हणजे ते जंगलातून वेचून आणलेले असू शकते. कवटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर ते मेलेल्या प्राण्याचे आहे.

सांबराचे शिंग जाड असून त्याला सामान्यतः तीन टोके आणि त्यावर खोल खाचा आणि खरबरीत उंचवटे असतात. चितळाच्या शिंगालाही सामान्यतः तीनच टोके असतात, परंतु ते सडपातळ, तुलनेने गुळगुळीत आणि डौलदार वळणाचे असते. भेकराचे आखूड शिंग कवटीच्या लांब खुंटावर उभे असते. बारशिंग्याच्या शिंगाला याहून बरीच अधिक टोके असतात. केवळ जाडीवर विसंबू नये, कारण तरुण सांबराचे शिंग प्रौढ चितळाच्या शिंगाएवढे भरू शकते. राधानगरीच्या जंगलात आज कोणते प्राणी आहेत, यावरूनही जुन्या काळाचा निर्णय करू नये.

तुलनेसाठी संग्रहालयातील किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील ओळख पटलेले नमुने पाहावेत. जंगलात पडलेले शिंग स्वतः उचलून आणू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर निर्बंध आहेत.

घासून गुळगुळीत केलेल्या टोकावर मूळ पृष्ठभागच उरत नाही. अशा वेळी नोंदवहीत ‘मृगकुल, जात अनिश्चित’ असे लिहिणे हीच प्रामाणिक नोंद होय, आणि माझ्या मते अंदाजाने लिहिलेल्या ‘सांबर’ या शब्दापेक्षा ती पुढच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते. कोलॅजेन या हाडातील प्रथिनाच्या तुकड्यांच्या (पेप्टाइडांच्या) वस्तुमानावरून प्राणी ओळखण्याची पद्धत येथे मदत करू शकते. मात्र उष्ण हवामानात कोलॅजेन लवकर नष्ट होते, आणि जवळच्या नात्यातील हरणे या पद्धतीनेही नेहमी वेगळी करता येत नाहीत. नमुना घ्यायचाच असेल, तर आधी छायाचित्रे व मोजमापे पूर्ण करून तो जुन्या मोडलेल्या कडेवरून घ्यावा, वापराने झिजलेल्या टोकावरून कधीही घेऊ नये.